वळसा आणि सरळ रेघ

परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी निबंधलेखन शिकविणाऱ्या आमच्या भाचीने गेल्या दिवाळीत एक आकृती दाखविली. अमेरिकन भाषाभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांची, १९६६ सालची. इंग्रजी लेखन म्हणजे थेट खाली उतरणारी रेघ. पौर्वात्य लेखन म्हणजे आत आत वळणारे वेटोळे. ते वेटोळे आम्हांस ओळखीचे वाटले.

चाकरीच्या आरंभी माळव्यातील एका तलावाच्या पाळीला भेग पडलेली पाहून आम्ही चार पानी टिपणी लिहिली होती. तलाव कोणी बांधला, डागडुजी केव्हा झाली, खाली शेते किती, असे करीत 'पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती व्हावी' हे वाक्य अगदी शेवटी आले. 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन नस्ती परत आली. चर्चेआधी पाऊस आला. पाळ फुटली, दोन गावांची पेरणी वाहून गेली. दोष आम्ही आपल्या वळणाच्या भाषेस देत आलो.

परंतु चिनी लेखनाची गोष्ट इतकी सोपी नाही. (कॅप्लन यांनीही पुढे आपले म्हणणे सौम्य केले.) मिंग व छिंग काळातील परीक्षांचा प्रसिद्ध 'अष्टपाद' निबंध घ्या. १९०१ साली तो परीक्षांतून गेला आणि १९०५ साली त्या परीक्षाही गेल्या. त्याच्या आरंभीच दोन वाक्यांत 'विषय फोडावा' लागे, वळणे त्यानंतरची. हान फैने तर राजाचे मन वळविण्याच्या अडचणींवर स्वतंत्र प्रकरणच लिहिले. ज्ञान वा वाणी तोकडी पडते असे नव्हे, ऐकणाऱ्याचे मन ओळखणे कठीण, हा त्याचा मुद्दा. वळसा तेथे अलंकार नव्हे, जीव वाचविण्याची युक्ती आहे, अखेर इ.स.पू. २३३ मध्ये तो छिन राज्याच्या तुरुंगातच मेला.

त्याचाच सहाध्यायी ली स्सू. इ.स.पू. २३७ मध्ये छिनच्या राजाने बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांस हाकलण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्याने अर्ज केला. ही चूक आहे, हे पहिल्याच वाक्यात. मग दाखले : परमुलखाची रत्ने चालतात, संगीत चालते, माणसेच तेवढी नकोत काय? पिढ्यान्‌पिढ्या परमुलखी चाकरी केलेल्या आपल्या घराण्यांना हा अर्ज परका वाटू नये. राजाने हुकूम मागे घेतला.

ली स्सूचे स्वतःचे नाव त्या हद्दपारांत होते. आमचे मात्र त्या पाळीखाली वीतभरही शेत नव्हते, आणि बदलीचा कागद त्याच महिन्यात साहेबांच्या मेजावर होता.