डिस्क गेली म्हणण्याआधी

संगणक सुरू केला आणि त्यातली एखादी डिस्क दिसली नाही, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “डिस्क गेली.” हे म्हणणाऱ्याचं काहीच जात नाही. ज्याची डिस्क असते त्याचे मात्र वर्षानुवर्षांचे फोटो, कागद, लेखन त्या एका वाक्यावर भंगारात जातं. मी पेशाने हिशेबनीस. संगणक वापरायचा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. पण बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या घरी या उन्हाळ्यात मी एक नवी डिस्क बसवली, बाबांची एक जुनी डिस्क वाचवली, आणि तेव्हापासून हे निदान मी कुणाच्याही तोंडून मुकाट्याने ऐकून घेत नाही. डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्कपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी अडलं आहे. वीज, केबल, बायॉस, विभाजन, फाइल सिस्टिम, या क्रमाने ती वाट तपासत यायची. जिथे अडलं असेल तिथेच थांबायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सुरुवात झाली ती घरचा डेस्कटॉप फार संथ चालायला लागला म्हणून. विंडोज जुन्या, फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर होतं. मुलाने सुचवलं, एनव्हीएमई एसएसडी टाकू. संपिगे रोडला मेट्रोत बसून चिक्कपेटेला उतरलं की एसपी रोड पायी गाठता येतो. एका माणसाला उभं राहता येईल एवढीच जागा असलेल्या दुकानांतही तिथे केबलपासून मदरबोर्डपर्यंत सगळं मिळतं. मागच्या काउंटरवर कुणीतरी जुन्या बोर्डावर सोल्डरिंग करत बसलेलं असतं. मला तो रस्ता मनापासून आवडतो. एखादी वस्तू अजून दुरुस्त होऊ शकते असं मानणारी माणसं तिथे भेटतात.

एसएसडीची ती पट्टी 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब असते. तिच्या नावातलं 2280 म्हणजे हेच माप. संगणकाची वायर भिंतीतून काढली, पॉवरचं बटण दाबून आत उरलेली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरते. मग पट्टी मदरबोर्डवरच्या एम डॉट टू खाचेत तिरकी सरकवायची. पूर्ण आत गेल्यावरही तिचं दुसरं टोक वर उचललेलंच राहतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की ती नीट बसलेली नाही. ती तशीच असते. ते टोक बोटाने हलकेच खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू इतका बारीक की फरशीवर पडला तर संध्याकाळ त्यातच जाईल, म्हणून मी सगळे स्क्रू स्टीलच्या ताटात ठेवले होते.

नव्या पट्टीवर विंडोज चढलं, संगणक झटक्यात सुरू झाला, आणि आमची 4 टीबीची साटा डिस्क नाहीशी झाली. घरातले सगळे फोटो तिच्यावर. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने न बघताच सांगितलं, “होगिदे मॅडम,” म्हणजे गेली, नवीन घ्या. मला ते पटेना. काल चालणारी डिस्क शेजारी दुसरी डिस्क बसवल्यामुळे का मरावी?

डिस्कच्या अंगावर हात ठेवला, तर बारीक कंप जाणवला. म्हणजे वीज पोचत होती, तबकड्या फिरत होत्या. केबल बदलून पाहिली, फरक नाही. विंडोजच्या आधी चालणाऱ्या बायॉसमध्ये पाहिलं, तर तिथेही तिचं नाव नव्हतं. म्हणजे विंडोज निर्दोष. मग मदरबोर्डची पुस्तिका काढली. त्यातल्या एका तक्त्याखाली लहान टाइपात लिहिलं होतं की एम डॉट टूची ही खाच वापरली तर साटाची शेवटची दोन पोर्ट बंद होतात. चिपसेटकडून बाहेर जाणाऱ्या मार्गिका मोजक्याच असतात, त्यामुळे अनेक मदरबोर्डांवर एकच मार्गिका दोन जागांना जोडलेली असते आणि एका वेळी ती एकालाच मिळते. डिस्कची केबल शेवटच्या पोर्टातून काढून पहिल्यात घातली. सगळे फोटो जागच्या जागी.

त्याच आठवड्यात बॅकअपसाठी आणखी एक 4 टीबीची डिस्क घेतली. कोरी डिस्क जोडली की विंडोज विचारतं, ही तयार करू का, आणि करायची तर एमबीआर की जीपीटी? एमबीआर ही जुनी पद्धत सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहिते. सेक्टर 512 बाइटचा धरला तर हिशेब साधारण 2.2 टीबीला संपतो आणि पुढची जागा वापरताच येत नाही. म्हणून मोठ्या डिस्कला जीपीटीच. कोऱ्या डिस्कला ‘तयार करू का’ या प्रश्नाचं उत्तर निःशंक ‘हो’ असं द्यायचं. पण नेमका तोच प्रश्न विंडोज आजारी डिस्कसाठीही विचारतं, तीच चौकट, तीच बटणं. त्याला फक्त एवढंच कळतं की आपल्याला हिच्यावरचं वाचता येत नाही. हिच्यावर कधीच काही नव्हतं की कुणाचं आयुष्यभराचं लेखन आहे, हे त्याला कळत नाही. ते आपल्यालाच माहीत असतं.

आई बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आली तेव्हा तिच्या पिशवीत, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली बाबांची डिस्क होती. बाबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी बेळगावच्या आठवणी लिहायला घेतल्या: शहापूर, खडेबाजार, टिळकवाडी, तिथली दुकानं, शिक्षक, नाटकवेडी माणसं. सगळं घरच्या संगणकावर टाइप केलेलं. ते गेल्यावर संगणक मोडीत निघाला, पण आईने डिस्क काढून ठेवायला लावली. बेळगावात एकाने तिला सांगितलं होतं की एवढ्या जुन्या डिस्कमध्ये काही राहत नाही, टाकून द्या. तिने टाकली नाही. मला म्हणाली, “तुझ्या बाबांचं सगळं ह्यात आहे. बघ गं, जमतंय का.”

डिस्क 40 जीबीची, आयडीई जातीची. मागे रुंद पट्टी केबलच्या 40 पिनांची जागा, शेजारी विजेचं चार पिनांचं सॉकेट. आताच्या मदरबोर्डवर तिच्यासाठी जागाच नसते. एसपी रोडवरून आयडीईचं यूएसबी करणारा अडॅप्टर आणला, स्वतंत्र वीजपुरवठा असलेला. हे महत्त्वाचं आहे, कारण साडेतीन इंची डिस्कला 5 व्होल्टबरोबर 12 व्होल्टही लागतात आणि साध्या यूएसबीतून फक्त 5 मिळतात. जोडली. डिस्क फिरू लागली, आवाज स्वच्छ, खटखट नाही. पण संगणकाला दिसेना.

पुन्हा तीच वाट. वीज आहे, केबल आहे. मग डिस्कच्या मागच्या बाजूचा जंपर पाहिला. आयडीईच्या काळात एका केबलवर दोन डिस्का जोडत, एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि कोण कोणती हे एका इवल्याशा प्लॅस्टिकच्या टोपीने ठरे. टोपी कुठे घालायची याची आकृती डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते. बाबांनी पुढे मोठी डिस्क घेतली तेव्हा ही स्लेव्ह झाली होती, आणि अडॅप्टरला एकटी डिस्क मास्टर लागते. चिमट्याने टोपी उचलून मास्टरच्या पिनांवर बसवली. या वेळी विंडोजला डिस्क दिसली, आणि लगेच चौकट आली: वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

आई मागे उभी होती. मी चौकट बंद केली आणि डिस्कची वीज काढली.

नातेवाइकांत एकाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून बघ म्हटलं. तसं कुणीही करू नये. बाहेर काढल्यावर तिच्यावर दंव धरतं, आणि चालू डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीपासून इतक्या थोड्या अंतरावर तरंगत असतं की धुळीचा कणही त्या अंतरापुढे मोठा ठरतो. घरी झाकण उघडणं तर सरळ घातच. आजारी डिस्कवर दुरुस्ती करायची नाही, तिच्यावर काही लिहायचं नाही. आधी अख्ख्या डिस्कची प्रत, म्हणजे प्रतिमा, काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम लावला. तो आधी डिस्कचा सुखरूप भाग भराभर उचलतो, अडलेल्या जागा टाळून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे पुन्हा वळतो. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची नोंद तो एका फाइलमध्ये ठेवतो. त्या रात्री वळीव आला, विजांचा कडकडाट, आणि मल्लेश्वरमची वीज गेली. यूपीएस थोडा वेळ टिकला, तेवढ्यात मी काम थांबवलं. सकाळी त्याच नोंदीच्या आधारे जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. शेवटी न वाचता आलेले सेक्टर अगदी थोडे उरले, पण त्यांतला एक नेमका विभागाच्या सुरुवातीचा बूट सेक्टर होता. विंडोज फॉरमॅट मागत होतं ते त्याच्यासाठी.

बाबांच्या विंडोज 98 ची फाइल सिस्टिम एफएटी32 होती, आणि ती रचणाऱ्यांनी बूट सेक्टरची एक जादा प्रत विभागाच्या 6 क्रमांकाच्या सेक्टरात ठेवण्याची सोय केलेली आहे. टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रामने ती जादा प्रत उचलून प्रतिमेत जागेवर बसवली. फोल्डर उघडले. त्यात बाबांनी दिलेली नावं होती, ‘Prakaran 1’पासून पुढे, तारखांसकट.

फाइल उघडली तर पडदाभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. आईचा चेहरा पडला. पण हे काही डिस्कचं दुखणं नव्हतं. युनिकोड सर्रास होण्याआधी आपल्याकडे श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप करत. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर मागचे सांकेतिक आकडे तसेच उघडे पडतात. इथे अख्खी डिस्क उतरवून घेतल्याचं चीज झालं. नुसते लेखनाचे फोल्डर घेतले असते तर हे हाती लागलं नसतं: जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये बाबांचे फॉन्ट शाबूत होते. ते नव्या संगणकावर चढवले, फाइल पुन्हा उघडली, आणि आईने पहिल्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला.

आता ते युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. रफाराची आणि जोडाक्षरांची तीच गत. ‘मिरज’ किंवा ‘कीर्तन’ कुठे कसं फुटेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. मूळ प्रतिमा दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवली आहे, एक इथे आणि एक बेळगावात धाकट्या भावाकडे. आई परत गेली आहे. रोज रात्री जेवणानंतर मी फोनवर तिला एक-दोन पानं वाचून दाखवते. माणसांची आणि गल्ल्यांची नावं ती तिथल्या तिथे तपासते, आणि बाबांनीच चुकीचं लिहिलं असेल तर तेही सांगते. सध्या आम्ही खडेबाजारात आहोत.