भोंगा, तबकडी, फीत

आर्णीत आणि आसपासच्या खेड्यांत गाणे ज्या वस्तूंतून कानावर यायचे, त्यांची ही यादी. बहुतेक वस्तू आता माळ्यावर आहेत, नाहीतर भंगारात गेल्या. उत्तम ध्वनिमुद्रण कशाला म्हणावे, हे मात्र मी त्यांच्याकडूनच शिकलो.

भोंगा. लग्नघरी बिछायतवाला आधी भोंगा बांधायचा, कडुनिंबाच्या उंच फांदीला, तोंड गावाकडे करून. भोंग्याला खर्ज पेलत नाही. ढोलकीचा धुम त्यात अर्धा विरतो. मधला आणि चढा आवाज तेवढा वावर ओलांडून जातो. म्हणून प्रल्हाद शिंदे भोंग्यावर असे काही शोभायचे! तो टिपेचा, खणखणीत गळा आणि सुटे सुटे शब्द धुऱ्यावर उभ्या माणसालाही अक्षर न हरवता ऐकू यायचे. आषाढीला विठ्ठलाची गाणी, १४ एप्रिलला भीमगीते, गळा तोच. शब्द पोचला पाहिजे, ही पहिली अट मी भोंग्याखाली शिकलो.

पिन. ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकडीसाठी पोलादी पिना. छोट्याशा डबीत दोनशे. एक बाजू वाजली की पिन बदलायची. झिजलेली पिन खाच खरवडते आणि खरवडलेला स्वर पुन्हा मिळत नाही. एका बाजूला मिनिटे जेमतेम तीन-सव्वातीन. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटीची ठुमरी उभी केली. तीच तबकडी ऐकून लहानग्या भीमसेनना गाण्याचे वेड लागले आणि ते गुरूच्या शोधात गदगहून बाहेर पडले. तीन मिनिटांत भरताड चालत नाही. आवडत्या ध्वनिमुद्रणांत ही ठुमरी माझ्यासाठी आजही पहिली.

बाजू. पुढे आली ३३⅓ फेऱ्यांची एलपी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. किशोरी आमोणकरांच्या एलपीवर एकीकडे भूप, दुसरीकडे बागेश्री. भूप संपला की उठायचे, तबकडी कडेने धरून उलटायची. तेवढ्या वेळात भूप मनात मुरायचा. आता एक राग संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो.

तबकडीचे एक अवघड दुखणेही होते. सुई मधल्या लेबलाकडे सरकते, तशी तिच्याखालून खाच कमी वेगाने जाते आणि वरचे सूर भरड होऊ लागतात. ख्यालात द्रुत ताना शेवटी येतात, म्हणजे नेमक्या याच जागी. तिथेही तानेतला दाणा न् दाणा वेगळा ऐकू आला, तर मुद्रण करणारा आणि तबकडी छापणारा दोघेही आपल्या कामाचे पक्के. नवी एलपी पारखायची ती शेवटच्या दोन मिनिटांवर.

पुठ्ठा. एलपीचे वेष्टण. मागच्या बाजूला राग, ताल, साथीदारांची नावे. तबला कोणाचा, हार्मोनियम कोणाची, हे वाचत वाचत ऐकायचे. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली तबकडी तव्यासारखी वाकायची. पुठ्ठा तेवढा शाबूत राहायचा.

कॅसेट भरून देणारे दुकान. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायचे. दुकानदार साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती बसवून द्यायचा. फीत चार मिलिमीटरही रुंद नाही, सरकायची सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. हेडवर तपकिरी भुकटी साचली की झांज बोथट व्हायची. स्पिरिटचा बोळा फिरवला की ती पुन्हा चमकायची. नव्वद मिनिटांची फीत पातळ. गुंडाळलेल्या एका थराचा चुंबकीय ठसा शेजारच्या थरावर उमटायचा आणि गाणे सुरू होण्याआधी क्षणभर त्याच गाण्याची फिकट चाहूल लागायची.

उरुसातली फीत. आर्णीच्या बाबा कंबलपोष यांच्या उरुसातली कव्वाली कोणी कोणी टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून भरून आणायचे. असली एक फीत मी ऐकली. हार्मोनियम लांब, टाळ्या जवळ. टाळ्यांचा कल्लोळ झाला की यंत्र आपोआप आवाज दाबते, गवई बुडतो, मग हळूहळू वर येतो. मध्येच कोणीतरी पोराला हाक मारते. कव्वाल श्वास घेतो तोही ऐकू येतो. स्टुडिओच्या हिशेबाने हे मुद्रण नापास. माझ्या यादीत ते किशोरीताईंच्या भूपाशेजारी आहे, कारण दोन्हींत गळ्याभोवतीची जागा ऐकू येते. भूपात तानपुऱ्याने भरलेली खोली, इथे माणसांनी भरलेले पटांगण.

हळू आवाज. यादीतली ही शेवटची नोंद. अलीकडची पुष्कळ मुद्रणे मुद्दाम एकसारखी मोठी केलेली असतात. कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीवर. कान लवकर दमतात. हळू खरोखर हळू असेल, तरच मोठ्याला जोर येतो.

माझी विनंती एवढीच. घरात उरुसाच्या, भीमगीतांच्या, लग्नातल्या बायकांच्या गाण्यांच्या फिती असतील तर यंदाच संगणकावर उतरवून घ्या. वाजवण्याआधी फीत एकदा शेवटपर्यंत हलक्या हाताने फिरवून सैल करा, हेड पुसा, आणि मूळ प्रत एमपी३ करून दाबू नका. खरखर पुसायची घाई तर मुळीच नको. खरखरीबरोबर श्वासही पुसला जातो.