गोष्ट ऐकताना डोळे भरून येतात तेव्हा...



"डॉक्टर, हल्ली मोबाईलवर कादंबरी ऐकताना मला रडू येतं. मी आधी असा नव्हतो. काही तपासण्या करायच्या का?" निवृत्तीनंतर रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या एका पेशंटने मला हा प्रश्न विचारला. रक्तदाब ठीक, साखर आटोक्यात, झोप चांगली. मी त्यांना सांगितलं, "तपासणी नको. कोणती कादंबरी ऐकताय, तेवढं सांगा."

हा प्रश्न मला आवडला, कारण गेली काही वर्षं मीही ऑडिओबुक ऐकतो आणि माझेही डोळे भरून येतात. म्हणून आजचा लेख थोडा वेगळा आहे. त्यात वैद्यकशास्त्र आहे, पण माझे अनुभव जास्त आहेत.

ऐकणं आणि वाचणं: मेंदूला फरक पडतो का?

"ऐकलेलं पुस्तक म्हणजे काही खरं वाचन नव्हे," असं बरेचजण म्हणतात. 2019 मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकायला आणि एकदा वाचायला दिल्या आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे एफएमआरआय काढले. शब्दांचा अर्थ लावताना मेंदूचे जे भाग काम करत होते, त्यांचा नकाशा दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच आला. म्हणजे अक्षरं डोळ्यांतून आत जावोत की कानातून, अर्थ लागतो तो साधारण त्याच भागांत.

मग फरक कुठे पडतो? माझ्या अनुभवात तो वेगात आणि सोबतीत पडतो. पुस्तक हातात असताना दुःखाचा प्रसंग आला की आपण नकळत भरभर वाचतो, दोन परिच्छेद गाळतो, पान उलटतो. ऐकताना ही पळवाट बंद असते. अभिवाचक ज्या गतीने जाईल त्याच गतीने आपल्यालाही जावं लागतं. तो थांबला की आपणही थांबतो. बऱ्याचदा रडू येतं ते या थांबण्यात, शब्दांवर नव्हे. म्हणूनच भावनाप्रधान कथा दीडपट वेगाने ऐकू नका, असं मी सांगतो. गोष्ट कळेल, पण त्या थांबण्याच्या जागा निघून जातील.

'श्यामची आई' ऐकताना

साने गुरुजींचं हे पुस्तक 1935 साली प्रसिद्ध झालं. शाळेत असताना मी ते वाचलं होतं. मोठेपणी, दवाखान्यातून घरी आल्यावर रोज रात्री थोडं थोडं असं ते कानांनी ऐकलं, तेव्हा एक गोष्ट नव्याने लक्षात आली. हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच रचलेलं आहे. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. प्रकरणांनाही 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असं म्हटलेलं आहे. आपण ऐकायला बसलो की त्या मंडळींत आणखी एक माणूस वाढतो, इतकंच.

अंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई त्याला मनही तसंच जपायला सांगते, तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी मला त्यात फक्त शिकवण दिसली होती. ऐकताना दिसली ती दमलेली बाई. घरात कामाचा डोंगर आहे, तरी ती मुलाचा हट्ट पुरवते आणि वर प्रेमाने दोन शब्द सांगते. हा दमलेपणा पानावर लिहिलेला नव्हता, तो वाचणाऱ्याच्या आवाजात होता.

अभिवाचनाबद्दल माझं एक मत झालं आहे. जो अभिवाचक स्वतःच रडवेला होतो, त्याचं ऐकताना माझे डोळे कोरडेच राहतात. मागे करुण संगीत वाजत असेल तर आणखी कोरडे. ज्याचा आवाज सरळ, शांत असतो आणि नेमक्या शब्दाला किंचित खाली जातो, तो माझा घसा दाटून आणतो. आपल्याकडच्या जुन्या कथाकथनकारांना हे पक्कं माहीत होतं. व. पु. काळे, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगावच्या सभागृहांत माणसं हसवली आणि गप्पही केली, ती फक्त आवाजावर आणि थांबण्यावर. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला ऑडिओबुक हे नवं खूळ वाटायचं कारण नाही.

त्या वेळी शरीरात काय घडतं?

अश्रू तीन प्रकारचे असतात. डोळा सतत ओलसर ठेवणारे, कांदा किंवा धूर लागल्यावर येणारे आणि भावनेने येणारे. मन हेलावलं की मेंदूतून निघालेला संदेश चेहऱ्याच्या नसेबरोबर जाणाऱ्या तंतूंमार्फत अश्रुग्रंथीपर्यंत पोहोचतो. जास्तीचं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं, म्हणून रडताना नाकही गळतं. घशात आवंढा येतो, कारण श्वासासाठी स्वरयंत्राची वाट मोकळी राहू पाहते आणि त्याच वेळी आपण गिळायचा प्रयत्न करत असतो. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू आखडल्यामुळे. यातलं काहीही आजाराचं लक्षण नाही.

हृदयही गोष्ट ऐकतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचं ऑडिओबुक ऐकवलं. प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे ऐकलं, तरी गोष्टीच्या त्याच त्याच जागी सगळ्यांच्या हृदयाचे ठोके मिळतेजुळते वाढत आणि कमी होत होते. अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यांत असंही दिसलं की लक्ष दुसरीकडे वळवलं की हा मेळ कमी होतो. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण एकटेच इअरफोन लावून बसलेले असतो, पण तीच गोष्ट ऐकणारं कुठलंतरी अनोळखी काळीज त्याच ओळीला आपल्यासारखंच हललेलं असतं.

बाबांची 'बनगरवाडी'

माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते. आता त्यांचं वय 83 आहे. त्यांना दोन्ही डोळ्यांत वयोमानाने होणारं मॅक्युलर डिजनरेशन झालं आहे. यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. बाबा घरात आधाराशिवाय फिरतात, अंगणातली तुळस त्यांना दिसते, पण वर्तमानपत्राच्या ओळीवर नजर लावली की नेमकं तेच अक्षर गायब होतं. रोज दोन वर्तमानपत्रं आणि आठवड्याला एक पुस्तक वाचणारा माणूस वाचायचा थांबला आणि हळूहळू बोलायचाही थांबला. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बरं आहे." माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मित्राने त्यांना तपासलं आणि नैराश्यासाठी औषध सुरू केलं. त्याचा थोडा उपयोग झाला. भूक सुधारली, पण बोलणं परत आलं नाही.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. तिने आपणहून एक उद्योग सुरू केला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ती रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करायची आणि आजोबांना व्हॉट्सॲपवर पाठवायची. रेकॉर्डिंगमध्ये रिक्षाचे हॉर्न होते, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होत्या. माणदेशी शब्दांवर ती अडखळायची. पहिल्या आठवड्यात बाबा तिचे उच्चार मोबाईलकडे बघूनच दुरुस्त करायला लागले. "अगं, तसं नाही म्हणत!" कित्येक महिन्यांनी घरात त्यांचा असा आवाज ऐकू आला.

'बनगरवाडी' 1955 ची. धनगरांच्या एका लहानशा वस्तीवर तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, लोकांना घेऊन तालीम उभी करतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडत जाते. या शेवटच्या भागापाशी एका रात्री बाबांनी हात वर केला. "थांबव जरा."

मग ते बोलायला लागले. कादंबरीतला काळ संस्थानी, पण बाबांच्या डोळ्यांपुढे 1972 चा दुष्काळ होता. त्यांची एकशिक्षकी शाळा. आईबाप खडी फोडायला गेले की मुलंही त्यांच्यामागे जात. पटावर 41 मुलं, समोर बसलेली सात. "पण हजेरी मी सगळी घ्यायचो. एकेचाळीस नावं. नाव घ्यायचो, थोडा थांबायचो, मग पुढचं. समोरची सात पोरं पण गप बसायची." मी विचारलं, "रोज?" ते म्हणाले, "रोज. नावं घ्यायची सोडली असती तर पोरं कायमची गेली असं झालं असतं ना."

आणि त्यांनी ती नावं घ्यायला सुरुवात केली. आडनावांसकट, पटावरच्या क्रमाने. एकोणीस नावं आठवली. विसाव्याला ते अडले आणि रडले. मी त्यांचा मुलगा, पन्नाशी ओलांडलेला. हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. काही बोलण्यासारखं नव्हतं. त्यांच्याजवळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः नातीला फोन लावला. "पुढचं पुस्तक कुठलं आहे?"

यातून कुणी चमत्कार शोधू नये. बाबांची दृष्टी आहे तशीच आहे. औषधही चालू आहे. पण मी वर्षभर "कसं वाटतंय बाबा?" असं विचारून जे मिळालं नाही, ते एका गोष्टीने मिळालं. याचं कारण माझ्या मते साधं आहे. आपण प्रश्न विचारतो तेव्हा समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. गोष्ट काहीच विचारत नाही. ती दुसऱ्या कुणाचं तरी दुःख आपल्या शेजारी आणून ठेवते आणि आपलं बाहेर काढायचं की नाही, हे आपल्यावर सोडते. त्यात ती ओळखीच्या माणसाच्या आवाजात असेल, तर बाहेर काढणं थोडं सोपं जातं.

रडल्याने बरं वाटतं का?

"रडल्याने शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात," असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तसं सिद्ध झालेलं नाही. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना भावनाप्रधान चित्रपट दाखवले. जे रडले त्यांचं मन चित्रपट संपल्यावर लगेच आणखी खिन्न होतं. वीसेक मिनिटांत ते पूर्वपदावर आलं आणि दीड तासाने चित्रपटाआधीपेक्षाही बरं होतं. माझा अनुभव तंतोतंत असाच आहे. म्हणून कथा संपली की लगेच बातम्या लावू नका, ऑफिसचा फोन घेऊ नका. थोडा वेळ जाऊ द्या.

काही सूचना

• घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर त्याच विषयाची कथा मुद्दाम ऐकू नका. ऐकावंसं वाटलं तर जवळ कुणीतरी असू द्या.

• दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे किंवा जगू नये असं वाटतं, तर ऑडिओबुकवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा. जगू नये असा विचार येत असेल तर दोन आठवडे थांबायचंही नाही, त्याच दिवशी भेटा.

• पक्षाघात, पार्किन्सन्स अशा आजारांनंतर काहींना आतून दुःख नसतानाही अचानक, न थांबणारं रडू येतं. हा मेंदूच्या इजेचा परिणाम असतो आणि त्यावर उपचार आहेत. गोष्टीच्या प्रसंगाला येणारं रडू वेगळं.

• आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही मर्यादा आहे. आवाज वाढवला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो.

• रस्ता ओलांडताना इअरफोन काढा. गाडी चालवताना हळवी कथा नकोच.

• ज्येष्ठांना बारीक, उंच पट्टीतले स्वर आणि व्यंजनं कमी ऐकू येतात. त्यांच्यासाठी वेग कमी ठेवा, मागे संगीत नसलेलं अभिवाचन निवडा आणि शक्य असेल तर इअरफोनऐवजी चांगला स्पीकर द्या.

• झोपताना ऐकत असाल तर स्लीप टायमर लावा आणि शेवटचं प्रकरण दिवसासाठी राखून ठेवा.

आणि तुमच्या घरात कुणाचं वाचन डोळ्यांमुळे सुटलं असेल, तर त्यांच्या आवडीचं एक पुस्तक घ्या आणि रोज दहा मिनिटं मोबाईलवर वाचून त्यांना पाठवा. उच्चार चुकले तरी चालतील, मागे कुकरची शिट्टी झाली तरी चालेल. ऐकून झाल्यावर ते काही सांगायला लागले, तर मात्र हातातलं काम बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत ऐका.