मझौलीचा वराह आणि जबलपूरचे मणके

भेडाघाटचा धुवांधार धबधबा आणि संगमरवरी कडे पाहिले की जबलपूरची सहल झाली, असे बहुतेक पर्यटक मानतात. सवड असेल तर सिहोरामार्गे मझौलीलाही जाऊन यावे. जबलपूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी विष्णूच्या वराह अवताराचे जुने मंदिर आहे. इथला वराह पशुरूपात, चार पायांवर उभा आहे. अंगभर लहान मूर्ती कोरल्या असल्या तरी हा प्राणी कोणता, ते शाळकरी मूलही सांगेल. रानडुक्कर आजही या भागात शेतांची नासाडी करतो.

रानडुक्कर आणि गावातले पाळीव डुक्कर दिसायला वेगळे, पण त्यांची जात, म्हणजे शास्त्राच्या भाषेत 'प्रजाती', एकच मानतात. दोघांचा संकर होतो आणि पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात. घोडा व गाढवाचे खेचर मात्र सहसा वांझ निघते, म्हणून त्या प्रजाती दोन. कसोटी सोपी आहे. पण प्राण्याची फक्त हाडेच उरली असतील तर?

हा प्रश्न जबलपूर शहरातच उभा राहिला. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या कॅप्टन स्लीमनला १८२८ साली इथल्या बडा शिमला टेकडीजवळ दगड झालेले मोठे मणके सापडले. 'डायनासोर' हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. तो १८४२ चा. पुढे १८७७ मध्ये लायडेकर या शास्त्रज्ञाने शेपटीच्या मणक्यांची ठेवण पाहून नवा प्राणी ठरवला आणि नाव दिले 'टायटॅनोसॉरस इंडिकस'. मणक्याची पुढची बाजू खोलगट, मागची फुगीर, ही त्याची खूण.

नंतर तीच खूण जगभरच्या कितीतरी डायनासोरांत आढळली. खूण सगळ्या कुळाची निघाल्यावर प्रजाती वेगळी कशी म्हणायची? २००३ मध्ये संशोधकांनी ते नाव प्रजाती म्हणून बाद ठरवले. गंमत अशी, की 'टायटॅनोसॉर' हे कुळाचे नाव मात्र टिकले. बडा शिमलाच्याच आणखी एका प्राण्याला १९३३ मध्ये दिलेले नाव १९९५ मध्ये बदलून, डॉ. सोहनलाल जैन यांच्या गौरवार्थ 'जैनोसॉरस' केले गेले.

स्लीमनचे मणके तर हरवलेच होते. २०१२ मध्ये त्यांतला एक कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे अवाढव्य प्राणी नष्ट झाले. डायनासोरांच्या वंशातली एकच शाखा तगली, ती पक्ष्यांची. ज्या खडकांत ही हाडे मिळाली, त्यांना नर्मदेवरच्या लम्हेटा घाटाचेच नाव आहे. भेडाघाटच्या वाटेवर तिथेही थांबता येते.