उलाळ गाडी

तुमच्यापैकी किती जण बैलगाडीत बसले आहेत? हात वर करा पाहू! शहरातल्या मुलांचे हात फारसे वर येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. आज मी तुम्हांला शर्यतीच्या मोटारीची गोष्ट सांगणार आहे. पण गंमत अशी, की ती बैलगाडीशिवाय पुरी होत नाही.

आमचं गाव आंबवडे, पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यात. नागेश्वराचं देऊळ आणि संस्थानच्या काळातला झुलता पूल बघायला लोक तिथे येतात. एका मे महिन्यात माझा भाचा आजोळी आला, तो मनगटाला पट्टी बांधूनच! तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. कॉलेजातल्या मुलामुलींनी मिळून एक छोटी, एकाच माणसाची शर्यतीची गाडी बनवली होती. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या अशा गाड्यांची ‘फॉर्म्युला भारत’ नावाची स्पर्धा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. तिथे जायची त्यांची तयारी चालली होती.

“काय रे, पडलास कुठे?” मी विचारलं.

“पडलो नाही मामा, पंखाने घात केला,” तो म्हणाला.

मोटारीला पंख? हो! विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा करून मोटारीला लावला, तर हवा मोटारीला खाली दाबते. आता तुम्ही म्हणाल, दाबून काय मिळतं? वळणावर गाडी वळते ती फक्त चार चाकांच्या पकडीवर. चाक रस्त्यावर जितकं जोराने दाबलं जाईल, तितकी पकड घट्ट. मग गाडीत दगडगोटे भरले तर? पकड वाढेल, पण गाडीही जड होईल आणि जड गाडी वळवायला जास्त जोर लागेल. म्हणजे फायदा शून्य! हवा मात्र वजन जवळजवळ न वाढवता दाबते. वेग दुप्पट झाला, की हवेचा दाब चौपट होतो. म्हणून ताशी २० किलोमीटरला पंख असून नसून सारखाच, आणि ताशी १०० ला तो भलताच कामाचा. अर्थात हे फुकट मिळत नाही. पंख हवेला अडवतो, त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडीचा वेग थोडा कमी होतो.

ही युक्ती जुनी आहे. १९५६ साली मायकेल मे नावाच्या तरुण स्विस इंजिनिअरने आपल्या छोट्याशा पोर्शे ५५० गाडीवर असा उलटा पंख बसवला आणि ती जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगच्या शर्यतीला नेली. मागच्या चालकांना पुढचं दिसणार नाही, असं सांगून त्याला तो पंख काढायला लावला. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेने तो पंख मागच्या टोकाला लावला नव्हता, तर गाडीच्या मध्यावर, चालकाच्या डोक्यावर उभा केला होता. का, ते पुढे कळेल.

भाच्याच्या गाडीला दोन पंख लागायचे होते, एक नाकाशी आणि एक मागे. मागचा आधी तयार झाला. चांगला रुंद आणि देखणा! पुढचा अर्धवट होता. संघातली एक मुलगी हिशेबाची वही घेऊन म्हणाली, “पुढचा होईपर्यंत थांबू या. नुसत्या मागच्याने तोल जाईल.” भाचा चालक. त्याला धीर कुठला! तो म्हणाला, “तू फक्त आकडेमोड कर, गाडी मी चालवतो.”

बंद मैदानावर चाचणी झाली. हळू वळणं झकास पार पडली. मग आलं वेगाचं वळण. त्याने स्टिअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली, पण गाडी वळेचना! सरळ जाऊन ती टायरांच्या ढिगावर आदळली. हेल्मेट होतं, पट्टे होते, म्हणून मनगटावर निभावलं.

“पण मामा, मागे पकड वाढली होती ना? मग असं कसं झालं?”

मी काही बोलणार, एवढ्यात ओसरीवर बसलेले आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “आरं, म्होरं काय लावलं हुतंस?”

“पुढे? काहीच नाही.”

“मंग गाडी उलाळ झाली की रं!”

मुलांनो, ‘उलाळ’ हा शब्द ऐकलाय का? बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं भरलं, की गाडी मागे कलते आणि पुढचं जू वर उचललं जातं. मग बैलांच्या मानेवर भार राहत नाही, उलट मानेखालच्या दोऱ्या त्यांच्या गळ्याला काचतात. म्हणून जाणता गडी आसाच्या पुढेमागे बेतानं पोती रचतो.

भाचा बघतच राहिला. त्याचा पंख मागच्या चाकांच्याही मागे होता. हवेने तो खाली दाबला, तसं पुढचं नाक हलकं झालं. पुढच्या चाकांची पकड सुटली आणि वळणारी चाकं नुसती घसरत गेली. मेने पंख मध्यावर का ठेवला, तेही आता कळलं ना?

याच्या उलटही घडतं. १९९८ साली आलेल्या ऑडी टीटी या छोट्या स्पोर्ट्स कारची मागची बाजू अतिवेगात हलकी पडायची. जर्मनीत गंभीर अपघात झाले. तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून मागे एक छोटी पट्टी बसवली आणि इतरही दुरुस्त्या केल्या. तिथे मागेच दाब हवा होता. म्हणजे पंख चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. तोल कुठे आहे, हे आधी पाहायचं.

तुम्हीही हे करून पाहा. खेळण्यातल्या हलक्या मोटारीची पुढची चाकं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, मागची तितक्याच उंच पुस्तकावर. मोटार पुढून दोऱ्याने बांधा. मागच्या टोकाला पुठ्ठ्याची तिरकी पट्टी चिकटवा, तिची मागची कड वर हवी. आता मोठ्या माणसाला समोरून टेबलफॅन लावायला सांगा. काट्यावरचा आकडा उतरतो का बघा. उतरला तर समजा, गाडी उलाळ होतेय!

त्या संध्याकाळी भाचा एकटाच झुलत्या पुलाकडे गेला. परत आल्यावर म्हणाला, “मामा, तिला फोन केला. माफी मागितली.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आबांना आमच्या संघात घ्या.”

पुढचा पंख झाला, मागच्याचा कोन थोडा कमी केला आणि मगच गाडी कोइमतूरला गेली. बक्षीस नाही मिळालं. पण गाडी प्रत्येक वळण नीट वळली.

आणि हो, भाच्याने आबांना विचारलं होतं, “घरच्या गाडीला लावू का एक पंख?” आबा म्हणाले, “भोरच्या रस्त्याला एस. टी. म्होरं असती. तिथं पंख काय करणार? ब्रेक बघ आधी!”