साचा आणि सूत

बोदवडचा परिसर कापसाचा. येथील एका व्यापाऱ्यासाठी मी वर्डप्रेसवर संकेतस्थळ तयार करीत होतो. तयार साचा निवडला, मजकूर भरला आणि मोठ्या अभिमानाने त्यांना दाखवला. शीर्षकाकडे पाहत ते म्हणाले, "भाऊ, हे 'सत' कशाला? मी तर सूत विकतो."

मी नीट पाहिले. साच्यातील ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली होती. आपले उकार खाली उतरतात, वेलांट्या व अनुस्वार वर चढतात. शीर्षकाची चौकट आखूड असल्याने 'सूत'चा ऊकार कापला गेला होता. शोभेसाठी अक्षरांत सोडलेल्या अंतराने शिरोरेषाही तुटली होती.

मग मूळ साच्याला हात न लावता मी त्यावर आधारित उपसाचा रचला. त्याला 'चाइल्ड थीम' म्हणतात. मूळ साच्यातच फेरफार केले असते, तर त्याची नवी आवृत्ती येताच ते पुसले गेले असते. उपसाच्यात ओळीची उंची वाढवली, अक्षरांतील अंतर शून्यावर आणले आणि देवनागरीसाठी घडवलेला 'मुक्ता' हा टंक घेतला. सूत पुन्हा सूत झाले.

मित्रांनो, साचा टाकाऊ नसतो. तो श्रम वाचवतो. परंतु तो कोणाच्या मापाने घडला आहे, हे आपण विचारले पाहिजे. निबंध लिहितानाही आपण तयार चौकटी उचलतो. त्या चौकटीत आपला एखादा ऊकार कापला जात नाही ना, हे तपासणारी नजर आपल्याजवळ असावी.