दोन छोट्या की एक मोठी?

यंदा सुट्टीत क्रूझला जायचं ठरलं आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. बाबांना मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशी सलग मोठी फेरी हवी; एकदा बॅगा उघडल्या की झालं! आई म्हणे, लागोपाठ दोन छोट्या घेऊ. मधे मुंबईला उतरा, पुन्हा चेक-इन करा, शिवाय लक्षद्वीप हुकणार. मग हा हट्ट का? तर माझं सबमिशन! पहिली चुकली तरी दुसरी मला गाठता येईल. प्रश्न आजीच्या गुडघ्यांचा. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने जाणारी, बंदरात पडावात उतरणारी माझी आजी! म्हणाली, "दोनदा चढेन, पण पोरगा बरोबर हवा." मित्रांनो, आता पहिलीही गाठायचीच, म्हणून रात्री जागून फाईल पुरी करतोय.